डॅक बांधताय? चिपवर पैसे ओतण्याआधी या चुका टाळा

डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारं यंत्र, बांधायला घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठली चिप टाकू?" चिप ठरली की पैसे जमतात, बोर्ड येतो, आणि आवाज ज्यावर खरा ठरतो त्या तीन गोष्टी उरलेल्या पैशांत उरकल्या जातात. चिपला मिळणारा रेफरन्स व्होल्टेज (ज्याच्या मापाने ती आउटपुट ठरवते), क्लॉक (वेळेचा ठोका) आणि चिपच्या करंटचं व्होल्टेज करणारी आय-व्ही स्टेज, या त्या तीन गोष्टी. माझ्याकडे येणाऱ्या बोर्डांत चिपच खराब निघणं क्वचित घडतं. चुकलेलं असतं ते तिच्या भोवतालचं.

२० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओका इथल्या एकेएम या डॅक चिपा बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली, चिपा मिळेनाशा झाल्या आणि अनेक कंपन्यांना ईएसएस या दुसऱ्या चिप कंपनीकडे वळावं लागलं. एकेएमची एके४४९७ व्होल्टेज देणारी चिप, तर ईएसएसची ईएस९०३८प्रो आपलं सर्वोत्तम काम करंट काढून घेतल्यावर करते. म्हणजे आउटपुट स्टेज आणि सप्लाय दोन्ही नव्याने आखणं आलं. एवढा एक प्रसंग नीट समजून घेतला तरी चिपचं नाव बघून डॅकची पारख करायची सवय सुटायला हरकत नाही.

सॉकेटमधला ऑप-अँप बदलत बसणं

ऑप-अँप म्हणजे सिग्नल वाढवणारी किंवा बदलणारी छोटी चिप. ती उगाच बदलण्याची चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती करणाऱ्याला आपण सुधारणा केली असं मनापासून वाटत असतं.

पीसीएम१७९४ए ही डॅक चिप घ्या. तिच्या आउटपुटवर पीक-टू-पीक ७.८ मिलिअँपिअर करंट येतो, आणि त्यात संगीताबरोबर मेगाहर्ट्झमधला स्विचिंगचा कचराही असतो. तो पहिल्यांदा झेलतो आय-व्हीचा ऑप-अँप. उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये तिथे एनई५५३४ आहे, फीडबॅकला (आउटपुटवरून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत) ७५० ओहम आणि त्याला समांतर २२०० पिकोफॅरड. यातून साधारण ९६ किलोहर्ट्झचा फिल्टर तयार होतो, म्हणजे वरचा कचरा पहिल्याच पायरीवर दबतो. शिवाय ५५३४ तीनपटीपेक्षा कमी गेनला (वाढीला) आपला आपण स्थिर राहत नाही, म्हणून त्याच्या ५ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर लावतात. या प्रत्येक किमतीमागे कारण आहे.

कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी अशाच रचनेचा डॅक माझ्याकडे पाठवला होता. तक्रार अशी की अर्ध्या तासाने डावा चॅनेल खरखरतो. त्यांनी ५५३४ काढून शंभर मेगाहर्ट्झच्या पुढे बँडविड्थ असलेला महागडा एकेरी ऑप-अँप बसवला होता. बदल्यावर आवाज "एकदम उघडला" म्हणून ते खूश होते, त्यामुळे ऑप-अँपवर त्यांचा संशयच नव्हता. बोट लावलं तर तो चटका देत होता. आउटपुटला डीसी (नको असलेला एकदिश व्होल्टेज) होता आणि तोही स्थिर नाही, हलता. त्यांच्या ओळखीच्या एका तंत्रज्ञाने स्कोपवर (सिग्नलचा आकार दाखवणाऱ्या यंत्रावर) साइन वेव्ह बघून "स्वच्छ आहे" असा निर्वाळा दिलेला. स्कोपचं २० मेगाहर्ट्झचं बँडविड्थ लिमिट (त्याहून वेगवान सिग्नल लपवणारी सोय) मी बंद केलं आणि रेघ जाड झाली. टाइमबेस ताणल्यावर दिसलं, की ऑप-अँप ४० मेगाहर्ट्झच्या आसपास अखंड ऑसिलेट करतोय, म्हणजे स्वतःच सिग्नल तयार करतोय.

कारणं दोन होती. ५ आणि ८ मधला तो २२ पिकोफॅरड तसाच राहिला होता, आणि नव्या ऑप-अँपमध्ये त्या पायांचं काम वेगळं होतं. दुसरं म्हणजे सप्लायचा डिकपलिंग कपॅसिटर (चिपजवळचा करंटचा छोटा साठा) पायांपासून इंचभर लांब. ५५३४ ला ते अंतर चाललं, या वेगवान भागाला चाललं नाही. जुना ५५३४ परत बसवला, डीसी खाली आला, तापणं थांबलं, खरखर गेली. गृहस्थ म्हणाले, "पण आधी वरचे सूर जास्त उघडे वाटायचे." ऑसिलेट करणाऱ्या स्टेजमध्ये जी विकृती आणि गोंगाट मिसळतो, तो ट्रेबलवर एक चकाकी चढवतो. ती चकाकी रेकॉर्डिंगमध्ये नव्हती. सनईच्या तालमी पुढे बसून ऐकलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. बदलायच्या भागाच्या पायांची रचना आधी वाचायची. १०० नॅनोफॅरड थेट त्याच्या पायांवर, बोर्डाच्या खालून. स्कोपचं लिमिट बंद, प्रोब १०एक्सवर, आणि लांब क्रोकोडाइल क्लिपऐवजी प्रोबच्या टोकाशी छोटी ग्राउंड स्प्रिंग. रेघ स्वच्छ दिसली तरच ऐकायला बसायचं. एवढा धीर नसेल तर मूळ ऑप-अँपला हात लावू नका. त्या ५५३४ मध्ये कमीपणा काहीही नाही.

रेफरन्सचा सप्लाय शांततेत तपासणं

डॅक हा मुळात गुणाकार करणारा भाग आहे: डिजिटल आकडा गुणिले रेफरन्स व्होल्टेज. ईएसएसच्या चिपांत हा रेफरन्स म्हणजे एव्हीसीसी नावाचा सप्लायचा पाय. तिथे जे हलेल ते थेट गाण्यात उतरतं. नवशिका काय करतो, तर गाणं थांबवून आवाज पूर्ण वाढवतो, स्पीकरला कान लावतो आणि "काही ऐकू येत नाही" म्हणून समाधान मानतो. आकडा शून्य असताना रेफरन्सचा गोंगाट डिफरन्शियल आउटपुटच्या दोन्ही बाजूंवर सारखाच येतो आणि पुढे वजा होऊन जातो. गाणं सुरू झालं की तो सिग्नलवर स्वार होतो. म्हणून मी १ किलोहर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन देऊन एफएफटी (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सींचा आलेख) बघतो. ९०० आणि ११०० हर्ट्झला दोन काड्या उभ्या राहिल्या, की रेक्टिफायरनंतरचा १०० हर्ट्झचा रिपल (सप्लायमधली उरलेली लाट) रेफरन्सपर्यंत पोचला हे नक्की.

एलएम३१७ या रेग्युलेटरचा (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपचा) गोंगाट आउटपुटच्या साधारण ०.००३ टक्के असतो. ३.३ व्होल्टवर ते होतात १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे रेफरन्सच्या ९० डीबी खाली. ज्या चिपच्या पेटीवर १३० डीबीच्या आसपासचा आकडा छापलाय तिला हा सप्लाय देणं मला पटत नाही. एलटी३०४५ या रेग्युलेटरचा गोंगाट ०.८ मायक्रोव्होल्ट, तो जरूर वापरा. पण त्याचा तयार मोड्यूल आणून वीतभर वायरने जोडाल तर पैसे वाया गेले. १५ सेंटिमीटर वायरचं इंडक्टन्स साधारण १५० नॅनोहेन्री, म्हणजे १० मेगाहर्ट्झला नऊ ओहमच्या वर. चिपला झटक्यात करंट हवा असतो आणि वाटेत हे नऊ ओहम आडवे येतात. रेग्युलेटर चिपच्या कडेलाच हवा, त्याची सेन्सची (आउटपुट व्होल्टेज मोजणारी) रेघ थेट आउटपुट कपॅसिटरच्या पायावर हवी, आणि डाव्या-उजव्या चॅनेलला वेगळा हवा.

क्लॉक चुकीच्या जागी

२२.५७९२ आणि २४.५७६ मेगाहर्ट्झचे दोन चांगले ऑसिलेटर आणायचे आणि ते यूएसबी रिसीव्हरजवळ, आयसोलेटरच्या (संगणकाकडची बाजू विजेने वेगळी ठेवणाऱ्या भागाच्या) पलीकडे लावायचे, हे मी फार बघितलंय. आयसोलेटर स्वतःचा जिटर (क्लॉकच्या ठोक्यांचं मागेपुढे होणं) मिसळतो. २० किलोहर्ट्झच्या सुराला १०० पिकोसेकंद जिटर म्हणजे गोंगाट ९८ डीबी खाली, अर्थात सोळा बिटांइतकाच. ऑसिलेटर डॅक चिपच्या शेजारी ठेवा, तिथून क्लॉक उलटा यूएसबीकडे पाठवा, आणि डेटा आयसोलेटरच्या अलीकडे आल्यावर फ्लिप-फ्लॉपने (क्लॉकच्या ठोक्यावरच डेटा पुढे सोडणाऱ्या भागाने) पुन्हा त्याच क्लॉकवर आणा.

बाहेरून १० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा डबा जोडणाऱ्यांना एवढंच सांगतो, की १० मेगाहर्ट्झ या दोन्ही आकड्यांचा पूर्ण भाग नाही. मध्ये पीएलएल (एका क्लॉकवरून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीचा क्लॉक बनवणारं सर्किट) लागतो, आणि तो शेजारच्या चांगल्या क्रिस्टलपेक्षा स्वच्छ क्वचितच असतो.

बाकीच्या, थोडक्यात

सिग्नलच्या वाटेत किंवा फिल्टरमध्ये एक्स७आर सिरॅमिक कपॅसिटर नको. व्होल्टेजबरोबर त्याची कपॅसिटी बदलते. सी०जी किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या.

आय-व्हीला थिन फिल्म रेझिस्टर. इथे दहा रुपये वाचवणं मला कधीच समजलं नाही.

टीडीए१५४१ए या जुन्या डॅक चिपला आय-व्हीसाठी १०० ओहमचा रेझिस्टर लावून ऑप-अँप काढून टाकणारे बरेच भेटतात. तिच्या आउटपुटला २५ मिलिव्होल्टच्या आतच राहायचं असतं, आणि पूर्ण पातळीचे ४ मिलिअँपिअर १०० ओहमवर ४०० मिलिव्होल्ट करतात. त्याच चिपला १४ छोटे डिकपलिंग कपॅसिटर लागतात. तिथे अंगठ्याएवढे फिल्म कपॅसिटर लांब पायांवर उभे करू नका. छोटे, आणि पायाला चिकटून.

मुकुट छापलेली (निवडक दर्जाची) टीडीए१५४१ए मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला असो वा ऑनलाइन, स्वस्तात दिसली तर सोडून द्या. जुन्या चिपा घासून त्यांवर मुकुट छापण्याचा धंदा जोरात आहे. आणि नवा बोर्ड पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा चिप सॉकेटबाहेर ठेवून +५, -५ आणि -१५ हे तिन्ही व्होल्टेज मीटरवर बघा, मगच चिप बसवा.