ठोसेघरला नवा ट्रायपॉड नेताय? आधी प्लेट बघा

प्लेट. कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने लावायची आणि ट्रायपॉडच्या डोक्यावर बसवायची ती बोटभर पट्टी. ही सगळी यादी तिच्यापायी लिहितोय, बाकीचं ओघात येईल.

गेल्या जुलैत नवा ट्रायपॉड, नवा एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, उजेड कमी करणारी काळसर काच) आणि सेकंडहँड घेतलेली वाइड लेन्स, असा लवाजमा घेऊन सकाळी साताऱ्याहून निघालो. समर्थ मंदिर, बोगदा, सज्जनगडाचा रस्ता, पुढे घाट चढून ठोसेघर. पाऊस थांबलेला, धुकं विरळ, धबधबा भरून पडत होता. असं जुळून येत नाही हो रोज. रेलिंगपाशी पाय लांब केले, लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला, कॅमेरा ठेवायला गेलो तर क्लॅम्प आ वासून बसलेला. नॉब एकीकडे फिरवला की जबडा मिटायचा, दुसरीकडे फिरवला की उघडायचा. मध्ये धरायला काहीच नाही. प्लेट घरी, टीव्हीशेजारी, रिमोटच्या खाली.

सोबतच्या मित्राकडे ट्रायपॉड होता. त्याची प्लेट मागून घेतली, तर ती जुन्या धाटणीची चौकोनी, त्याच्याच हेडला बसणारी. माझं हेड आर्का पद्धतीचं, तिरक्या कडांची साधारण ३८ मिलिमीटर रुंदीची पट्टी मागणारं. स्क्रू दोन्हीकडे तोच, पाव इंची; घोळ सगळा खाचेचा. म्हणून म्हणतो, ‘कुणाची तरी मिळेल’ या भरवशावर जाऊ नका. मिळत नाही.

आता ती विसरली कशी, ते नीट ऐका, कारण तुम्हीही तशीच विसरणार आहात. आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावायची होती. माझ्या कॅमेऱ्याला प्लेट लावली की बॅटरीचं झाकण उघडत नाही, प्लेटची कड नेमकी त्याच्यावर येते. म्हणून प्लेट काढली, बाजूला ठेवली, बॅटरी काढली. सकाळी बॅटरी घातली, झाकण टक् करून लावलं आणि निघालो. म्हणजे तयारी केली म्हणून फसलो. तेव्हापासूनचा नियम: काढलेली प्लेट चार्जरवरच ठेवायची, बॅटरी उचलायला गेलं की हाताला लागलीच पाहिजे. दुसरं, एक जादा प्लेट घ्या. चार-पाचशेच्या आसपास मिळते आणि तिने बॅगेतच राहायचं. तिसरं, प्लेट घट्ट करायला अ‍ॅलन की लागते की नाण्याने भागतं ते बघून ठेवा. माझ्या प्लेटला अ‍ॅलन की लागते. ती डब्यातून आली होती आणि डबा माळ्यावर गेला होता, हा वेगळा विनोद.

मुळात नवी वस्तू पहिल्यांदा ठोसेघरला उघडूच नये. आधी एक संध्याकाळ साताऱ्यातल्याच ‘चार भिंती’च्या टेकडीवर जा. काही राहिलं तर दहा मिनिटांत घर गाठता येतं, आणि उजेड कमी होत जातो तसा ट्रायपॉडचा खरा कस लागतो. तिथे पाय उघडा, मिटा, लॉक करा. नव्या ट्रायपॉडचा एखादा पाय हमखास ढिला निघतो. कॅमेऱ्याच्या वजनाने हळूच खचतो आणि आपल्याला वाटतं क्षितिजच तिरकं आहे.

लेन्स सेकंडहँड असेल तर घरीच तपासा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत. मोबाईलचा टॉर्च मागून धरून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर सरळ परत. आपल्या पावसात ती वाढणारच, कमी होणार नाही. मग भिंतीवर वर्तमानपत्र ताणून लावा, कॅमेरा समोर अगदी सरळ धरा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. एकच कोपरा भुरकट असेल तर आतली काच सरकलेली आहे. चारही थोडे मऊ असतील तर वाइड लेन्सचं ते चालायचंच, लेन्सचं छिद्र लहान करून एफ ८ ला नेलं की सुधारतात. बिलावरचा आणि लेन्सवरचा नंबर जुळतो का, तेही बघून घ्या.

फिल्टरचं माप. लेन्सच्या पुढच्या कडेवर किंवा टोपणाच्या आतल्या बाजूला गोलावर तिरकी रेघ आणि पुढे आकडा असतो, ६७, ७७ वगैरे. तेच माप. मोठा फिल्टर घेऊन रिंग लावून लहान लेन्सवर बसवता येतो, उलट केलंत तर वाइड लेन्सला कोपरे काळे येतात. गणितही घरीच करा. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा; ६ स्टॉपचा एनडी म्हणजे उजेड ६४ पटीने कमी. फिल्टरविना शटरचा वेळ १/१५ सेकंद येत असेल तर फिल्टर लावून चार सेकंदांच्या आसपास. १० स्टॉपचा असेल तर हजारपट, म्हणजे एक मिनिटाच्या वर. बऱ्याच कॅमेऱ्यांत ३० सेकंदांच्या पुढे बल्ब मोड (बटण दाबून धरू तेवढा वेळ शटर उघडं) आणि रिमोट लागतो. धबधब्याला तेवढं लागतही नाही. अर्धा ते दोन सेकंदांत पाणी रेशमासारखं होतं, त्यापुढे नुसतं दूध सांडल्यासारखं दिसतं. ज्यांना ते आवडतं त्यांनी खुशाल दहा स्टॉपचा घ्यावा.

आणि हे सगळं गणित प्लेट असेल तरच. हातात धरून दोन सेकंदांचा फोटो सहसा कुणाला येत नाही. मी प्रयत्न केलेत. रेलिंगवर बॅग ठेवून, श्वास रोखून, भिंतीला पाठ टेकवून. शेवटी कणसं भाजणाऱ्या मावशींच्या पोत्यावर कॅमेरा टेकवला, तर फ्रेममध्ये अर्धं आभाळ आणि अर्धं पोतं. मावशी म्हणाल्या, “दादा, त्यो स्टँड नुसताच हुबा केलाय व्हय?” काय सांगणार.

चार्जिंग, कार्ड: सांगायला नको. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, एवढंच.

पोचल्यावर एसी लावलेल्या गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढू नका, काचेवर वाफ धरते. सज्जनगड मागे पडला की एसी बंद, खिडक्या खाली. वारा जोराचा असतो. त्याच रस्त्याने पुढे चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. ट्रायपॉडची मधली दांडी वर ओढायची नाही, तिच्या खाली हूक असेल तर बॅग टांगायची, तीही जमिनीला टेकेल इतपत, नाहीतर लोंबकळणारी बॅगच सगळं हलवते. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, टायमर दोन सेकंद. फोकस आधी, मग मॅन्युअल करायचं आणि त्यानंतर फिल्टर. फिल्टर लावल्यावर काही कॅमेऱ्यांना काळोखात फोकस सापडत नाही, नुसते घरघरत बसतात. तुषार उडतात, कोरडं सुती फडकं दोन नग. ट्रायपॉडचा पाय रेलिंगच्या बाहेर कधीच काढायचा नाही, कितीही फ्रेम भारी दिसली तरी.

त्याच बॅगेने सप्टेंबरात कास पठारावर फुलं बघायला जाणार असाल तर तिथे ट्रायपॉड वाटेवरच. सीतेची आसवं ही फुलं नखाएवढी असतात, आपल्या तीन पायांखाली किती गेली ते कळतही नाही. बुकिंग आधी बघा.

परत आल्यावर पाय पुसून, उघडे ठेवून वाळवायचे. सिलिका जेल, हवाबंद डबा. फोटो उतरवून घ्यायचे. बॅटरी चार्जिंगला.

आणि ती काढताना प्लेट कुठे ठेवलीत?