नव्या पिकअपला हिवाळी टायर की ऑल-टेरेन? या चुका टाळा

कॅनडात कॅल्गरी, एडमंटन, विनिपेगकडे राहणारी आपली माणसं पिकअप घेताना इंजिन, ट्रिम, रंग आणि हप्ता यांवर महिनाभर खल करतात. टायरचा निर्णय मात्र डीलरच्या टेबलावर पाच मिनिटांत उरकतो, तोही टायर दिसतो कसा यावर. मग पहिला बर्फ पडतो आणि सगळे एकदमच दुकानात धावतात. तोवर हवा तो आकार संपलेला असतो आणि जे शिल्लक असेल ते गळ्यात पडतं. म्हणून सप्टेंबर संपायच्या आत टायर ठरवा. आणि ठरवताना खालचे घोळ करू नका. दर हिवाळ्यात तेच घोळ दिसतात आणि त्यांतल्या काहींत माणसं जखमी होतात.

"फोर बाय फोर आहे, मग हिवाळी टायर कशाला?"

सगळ्यात जुना आणि सगळ्यात घातक गैरसमज. फोर-व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद चारही चाकांना देते, म्हणजे गाडी जागची हलवते. थांबवायचं काम ब्रेकचं, आणि ब्रेक साध्या होंडा सिव्हिकलाही चारही चाकांना असतात. पिकअप सिव्हिकपेक्षा कितीतरी जड, म्हणजे थांबवायला अवघडच.

कॅल्गरीत हा अपघात कसा घडतो ते नीट बघा. चिनूक नावाचा उबदार वारा सुटतो, दुपारी पारा शून्याच्या वर जातो, रस्त्याकडेचा बर्फ वितळून पाणी चौकात पसरतं आणि रात्री पुन्हा गोठतं. सकाळी प्रत्येक गाडी सिग्नलपाशी ब्रेक लावते, सुटताना चाकं जागीच फिरवते आणि तो थर घासून गुळगुळीत करते. अशा चौकात नवी पिकअप उभी आहे: कारखान्यातून आलेले ऑल-सीझन (बारमाही) टायर, हौदा रिकामा, गाडी फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोडमध्ये. सिग्नल सुटतो. शेजारच्या गाड्यांची चाकं फिरत राहतात, पिकअप सरळ निघून जाते. चालकाचा गाडीवर विश्वास बसतो तो इथे. पुढच्या चौकापर्यंत वेग ६० होतो. पिवळा दिवा लागतो, पाय ब्रेकवर जातो, पायाखाली एबीएसचा (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेचा) खडखडाट सुरू होतो आणि गाडी सरकतच राहते. समोरच्या गाडीवर आदळेपर्यंत त्याला वाटत असतं की ब्रेक निकामी झाले. ब्रेक ठणठणीत असतात. निघताना मिळालेली पकड थांबतानाही मिळेल, असं त्याने धरून चाललेलं असतं.

त्यातही एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. उणे २५ च्या बर्फापेक्षा शून्याजवळचा बर्फ जास्त निसरडा असतो, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. "आज थंडी कमी आहे" असं वाटतं तोच दिवस जपून चालवायचा.

रिकाम्या पिकअपचं बहुतेक वजन पुढे असतं, त्यामुळे वळणावर मागची बाजू आधी सुटते. उपाय साधा आहे: वाळूच्या पिशव्या, एकूण १०० ते १५० किलो, मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, पट्ट्यांनी घट्ट बांधून. शेपटाकडच्या दारापाशी ठेवू नका. तिथलं वजन पुढची चाकं हलकी करतं. सुट्या पिशव्या तर मुळीच नकोत, कारण जोरात ब्रेक लागला की त्या पुढे येतात. पहिल्या बर्फानंतर एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी ३० वर ब्रेक दाबून बघायची सवयही ठेवा. आपली गाडी किती लांब सरकते हे चौकात कळण्यापेक्षा तिथे कळलेलं बरं.

आणि बर्फ संपून कोरडा रस्ता लागला की टू-हायवर, म्हणजे दोनच चाकांना ताकद देणाऱ्या मोडवर, या. ज्या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वेगातला फरक सामावून घेणारं सेंटर डिफरन्शियल नाही, त्यांत फोर-हायमध्ये कोरड्या डांबरावर वळलं की गाडी अडखळते आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो.

हिमफुलाचं चिन्ह म्हणजे बर्फावरची हमी समजणं

टायरच्या बाजूवर दोन खुणा शोधा. पहिली एम+एस, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण फक्त नक्षीतल्या खाचांच्या रचनेवरून देता येते. तिच्यासाठी बर्फावर कसलीही चाचणी लागत नाही. बहुतेक ऑल-सीझन टायरांवर ती असतेच. दुसरी खूण तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमफूल. ही मिळवायला चाचणी लागते, पण ती कसली? दाबून बसलेल्या मध्यम बर्फावर टायर गाडीला पुढे किती ओढतो याची. ब्रेक लावून थांबण्याची नाही, वळण्याची नाही आणि चकचकीत बर्फावरची तर नाहीच.

आजकालच्या बऱ्याच ऑल-टेरेन, म्हणजे खडी-मातीवरही चालणाऱ्या, टायरांवर हे हिमफूल असतं. बीएफगुडरिचच्या केओ२ वर आहे, फाल्कनच्या वाइल्डपीक ए/टी३डब्ल्यूवर आहे. चांगले टायर आहेत. पण त्यांचं रबर खडी-दगडाने कापलं जाऊ नये म्हणून तुलनेने कठीण ठेवलेलं असतं आणि नक्षीचे ठोकळे मोठे असतात. खोल, भुसभुशीत बर्फात ते ठोकळे उत्तम चालतात. गोठलेल्या चौकात मात्र कामाला येतात ते मऊ रबर आणि ठोकळ्यांवरचे हजारो बारीक काप, ज्यांना सायप म्हणतात. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक, मिशेलिनचा एक्स-आइस, नोकियनचा हक्कापेलिट्टा असे खास हिवाळी टायर या दोन गोष्टींवरच उभे असतात. ऑल-सीझनचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली ताठर होऊ लागतं. हिवाळी टायरचं उणे ३० लाही लवचीक राहतं.

मग निवड कशी करायची? दुकानदार "तुम्ही कुठे फिरता?" असं विचारतो. खरा प्रश्न आहे, तुम्ही कशावर ब्रेक लावता? रोजचा प्रवास शहरातला, मुलांची शाळा, ऑफिस, विमानतळ आणि अधूनमधून बॅन्फ, असं असेल तर खास हिवाळी टायर घ्या. दुसरा विचार नको. आठवड्यातले बरेच दिवस खडीच्या रस्त्यावर, शेतावर किंवा तेलविहिरींकडे जाणाऱ्या कच्च्या वाटांवर जात असतील आणि तिथला बर्फ साफ होत नसेल, तर हिमफुलाचे ऑल-टेरेन योग्य. दोन्ही असेल तर उन्हाळ्याला ऑल-टेरेन आणि हिवाळ्याला हिवाळी, असे दोन संच ठेवा. एकच टायर बारा महिने वापरून पैसे वाचवायचा आडमार्ग लोकांना फार आवडतो. प्रत्यक्षात आपापल्या रिमवर चढवलेले दोन संच ठेवले की प्रत्येकाची झीज वाटली जाते. वाढीव खर्च होतो तो रिमांचा, आणि दर ऋतूत टायर रिमवरून काढण्या-चढवण्याची मजुरी वाचते. दुसऱ्या संचातही हवेच्या दाबाचे सेन्सर बसवून घ्या, नाहीतर हिवाळाभर दिवा पेटलेला राहतो आणि खरोखर हवा गेली तरी कळत नाही.

गरज नसताना दहा-प्लायचा टायर, आणि त्यात चुकीची हवा

"पिकअप आहे म्हणजे जाड टायरच हवा" म्हणून एलटी (लाइट ट्रक), लोड रेंज ई, म्हणजेच दहा-प्लायच्या ताकदीचा टायर घेतला जातो. एफ-१५० सारख्या हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातल्या पिकअप गाड्यांवर कारखान्यातून बऱ्याचदा साधा, एलटी नसलेला टायर येतो. २७५/६५ आर १८ हा आकार घ्या. साध्या टायरचा लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) ११६, म्हणजे १२५० किलो. पिकअपवर वापरताना त्याला १.१ ने भागायचं, म्हणजे ११३६ किलो, तेही ३५ पीएसआय हवेच्या दाबाला. त्याच आकाराच्या एलटी लोड रेंज सीचा इंडेक्स ११३, म्हणजे ११५० किलो, पण ५० पीएसआयला. तेवढंच वजन पेलायला एलटी टायरला साधारण १५ पीएसआय जास्त हवा लागते.

इथे दोन प्रकारे फसगत होते. दुकानात दाराच्या खांबावरचं, कारखान्यातल्या टायरसाठीचं स्टिकर बघून एलटीमध्ये ३५ भरतात. गाडी रिकामी असताना काही जाणवत नाही. मागे ट्रेलर जोडून हायवेला लागलं की टायरची बाजू जास्त वाकते, तापते आणि आतून खराब होते. दुसरे लोक टायरवर लिहिलेला कमाल आकडा, म्हणजे लोड रेंज ईवर ८०, भरून टाकतात. मग रिकाम्या पिकअपचा टायर मधल्या पट्टीवरच टेकतो आणि बर्फावर उरलीसुरली पकडही जाते. टायरच्या बाजूवरचा आकडा ही वरची मर्यादा आहे, भरायची हवा नव्हे. प्रकार बदलला असेल तर उत्पादकाचा लोड-इन्फ्लेशन तक्ता (किती वजनाला किती हवा ते सांगणारा) मागून घ्या, आपल्या अ‍ॅक्सलवर येणारं वजन त्यात शोधा आणि आलेला आकडा दाराच्या स्टिकरशेजारी कागदावर लिहून चिकटवा.

जड ट्रेलर ओढत नसाल, धारदार खडीवर जात नसाल, तर हाफ-टनला लोड रेंज ई घेऊ नका. प्रत्येक टायर चार-पाच किलोंनी जड होतो, इंधन जास्त लागतं आणि ताठ बाजूंमुळे गाडी उसळते. पाऊण टन आणि एक टनाच्या पिकअपची गोष्ट वेगळी. तिथे स्टिकरवर एलटी असेल तर एलटीच, त्यात तडजोड नाही.

गरम गॅरेजमध्ये हवा भरणं

तापमान ५-६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय हवा कमी होते. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ३५ भरून गाडी उणे २५ मध्ये रात्रभर उभी केली, तर सकाळी जेमतेम २७ उरतात. आणि हवेच्या इशाऱ्याचा दिवा लागेलच असं नाही: अमेरिकी नियमानुसार इशारा यायलाच हवा तो ठरलेल्या हवेच्या २५ टक्के खाली गेल्यावर, म्हणजे ३५ च्या बाबतीत २६ च्या आसपास. गेज गाडीतच ठेवा. थंडीची मोठी लाट आली की सकाळी निघण्याआधी, बाहेर, थंड टायरवर मोजा.

फक्त दोनच हिवाळी टायर घेणं

घेऊ नका. फक्त मागे घातले तर पुढची चाकं वळत नाहीत. फक्त पुढे घातले तर ब्रेक मारताना मागची बाजू फिरून पुढे येते. चार किंवा शून्य.

दिसायला भारी म्हणून मोठा आकार

२७५/६५ ऐवजी २७५/७० आर १८ घातला की व्यास सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढतो: काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ च्या पुढे असते. पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो, आणि चाकाच्या खोबणीत बर्फ साचून गोठला की हमखास घासतो. हिवाळ्यात उलट अरुंद टायर बरा, तो बर्फ कापून खाली जातो. १८ ऐवजी १७ इंची रिमवर २६५/७० आर १७ घेतला तर व्यास फक्त दीड टक्क्याने कमी होतो. रिम ब्रेक कॅलिपरला अडकत नाही ना, हे एक चाक लावून बघा. आणि शेजाऱ्याचे सहा नटांचे रिम आपल्यालाही बसतील असं समजू नका: एफ-१५० चे सहा नट १३५ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, सिल्व्हराडो १५०० चे १३९.७ च्या.

कायदा अर्धवट माहीत असणं

क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिमफुलाचे टायर सक्तीचे. नुसतं एम+एस चालत नाही. ब्रिटिश कोलंबियात कोकिहालासारख्या घाटरस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल एम+एस किंवा हिमफूल आणि किमान ३.५ मिलिमीटर खोल नक्षी लागते. म्हणजे कायद्याने तिथे एम+एसवर जाता येतं. तरी जाऊ नका. अल्बर्टात सर्वसाधारण सक्ती नाही, पण आइसफील्ड्स पार्कवेवर १ नोव्हेंबर ते १ एप्रिल हिवाळी टायर किंवा साखळ्या हव्यात. ऑन्टारियोत सक्ती नसली तरी २०१६ पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायरसाठी सवलत द्यावीच लागते; फोन करून मागा.

बाकीच्या, थोडक्यात

बर्फावरच्या पकडीसाठी टायरमध्ये धातूचे खिळे (स्टड) बसवायचे असतील तर नव्या कोऱ्या टायरमध्येच, रस्त्यावर उतरण्याआधी. भोकांत खडे-माती गेल्यावर खिळा बसत नाही. दक्षिण ऑन्टारियोत खिळ्यांना बंदी आहे.

टायरच्या बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर किती वर्षं गोदामात पडून होता ते तिथे कळतं.

नक्षीची खोली ४ मिलिमीटरवर आली की तो टायर बर्फासाठी संपला, मग कायद्यात बसो वा न बसो.

एप्रिल सरला तरी हिवाळी टायर काढायचा आळस करू नका. गरम डांबरावर ते मऊ रबर झपाट्याने झिजतं आणि ब्रेकिंगही बिघडतं. काढलेले टायर धुऊन, वाळवून पिशवीत ठेवा, फर्नेस आणि विजेच्या मोटारींपासून लांब. रिमसह असतील तर एकावर एक, रिमविना असतील तर उभे.

फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाची खूण असलेला टायर उलटा बसवलेला अनेकदा दिसतो. दुकानातून निघण्याआधी चारही बाजूंनी फिरून बाण पुढे फिरताहेत का ते बघा. स्टेपनीतही तेव्हाच हवा भरून घ्या.

चाकं बदलल्यावर नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने आवळा: एफ-१५० ला १५० फूट-पाउंड, सिल्व्हराडो १५०० ला १४०. मग ८० ते १०० किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर हे टाळायचं नाही. पहिल्या शंभर किलोमीटरांत रिम बसतो आणि नट सैल पडतात.