नगरपंचायत होताना गावं कुठे अडकतात: या चुका टाळा

अंतिम अधिसूचना राजपत्रात आली की चौकात फटाके वाजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जन्मदाखल्यासाठी आलेला माणूस विचारतो, "सही कोण करणार?" कारण अधिसूचनेबरोबर ग्रामपंचायत संपलेली असते, सरपंच आणि सदस्य पदावर नसतात, आणि प्रशासक म्हणून आलेल्या तहसीलदारांच्या हाती शिक्का अजून पडलेला नसतो. नगरपंचायतीची पहिली दोन-तीन वर्षं ज्या भानगडी निस्तरण्यात जातात, त्यांतल्या बहुतेकांची मुळं या दिवसाच्या आसपासच्या कागदांत असतात. कुठल्या कागदात काय चुकतं, ते इथे क्रमाने पाहू.

टक्केवारी कशाला भागून काढली?

नगरपंचायत स्थापन होते ती महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 च्या कलम 341-क खाली. लोकसंख्या 10,000 ते 25,000 हवी. महापालिकेच्या किंवा 'अ' वर्ग नगरपरिषदेच्या हद्दीपासून गाव 25 किलोमीटरच्या आत असेल तर शेतीबाह्य रोजगार किमान 25 टक्के लागतो, त्याहून लांब असेल तर किमान 50 टक्के.

प्रस्ताव परत येतो तो बहुधा या टक्केवारीवर. समजा गावाची लोकसंख्या 14,280 आहे. काम करणारे 6,200, त्यांत शेतकरी 1,350 आणि शेतमजूर 1,430. शेतीबाहेर काम करणारे उरले 3,420. हा आकडा कुणीतरी लोकसंख्येने भागतो, उत्तर येतं 23.9 टक्के, आणि गाव पात्रच नाही असं वाटून फाइल कपाटात जाते. प्रश्न रोजगाराच्या टक्केवारीचा आहे, म्हणून भागायचं काम करणाऱ्यांच्या संख्येने: 3,420 भागिले 6,200, म्हणजे 55.2 टक्के. तेच गाव, तेच आकडे, आणि ते लांबच्या गावाच्या निकषातही बसतं. हे आकडे जनगणनेच्या प्राथमिक सारांशात गावनिहाय मिळतात.

अंतर मोजायचं ते महापालिकेच्या हद्दीपासून. एसटी स्टँडपासून किंवा मुख्य इमारतीपासून मोजलं की 25 चे 31 किलोमीटर होतात. लोकसंख्या शेवटच्या प्रकाशित जनगणनेची, म्हणजे 2011 ची धरायची. मतदार यादीवरून किंवा नळजोडण्यांवरून काढलेला "आजचा अंदाज" प्रस्तावात घालू नका, त्याने बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका येते. आणखी एक अडथळा वेळेचा: 2027 च्या जनगणनेसाठी 31 डिसेंबर 2025 नंतर प्रशासकीय सीमा गोठवलेल्या आहेत. या काळात प्रस्ताव तयार करून ठेवता येतो, हद्द बदलण्याची घाई करता येत नाही.

"शेजारच्या तालुक्याचं गाव आमच्यापेक्षा लहान, त्यांना कशी मिळाली?" हा युक्तिवाद निवेदनात हमखास असतो. 2014 मध्ये शासनाने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचं धोरण घेतलं, त्यात ती लहान गावं आली. तुमचं गाव तालुक्याचं ठिकाण नसेल तर तो दाखला उपयोगाचा नाही. अनुसूचित (घटनेने जाहीर केलेल्या आदिवासी) क्षेत्रातल्या गावांनी तर आधी अनुच्छेद 243-यग वाचावा. घटनेचा नगरपालिकांविषयीचा भाग अशा क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही. मोखाडा, तलासरी इथे नगरपंचायती आहेत हे खरं, तरी कायद्याचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हद्द, वाड्या आणि नाव

प्रारूप उद्घोषणेतली (अंतिम अधिसूचनेआधी हरकतींसाठी निघणाऱ्या मसुद्यातली) अनुसूची, म्हणजे महसुली गावांची नावं, गट क्रमांक आणि चतुःसीमा, ही फाइलमधली सर्वांत महत्त्वाची दोन-तीन पानं. ती तलाठी आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या नकाशाशी गट क्रमांकनिहाय ताडून पाहिल्याशिवाय पाठवू नका. एखादी वाडी सुटली तर ती ना ग्रामपंचायतीत राहते, ना नगरपंचायतीत. तिथला दिवा बंद पडला तरी खर्च कुठून टाकायचा, हा प्रश्न वर्षभर फिरत राहतो.

गट ग्रामपंचायत असेल तर दुप्पट सावधपणा हवा. तीन महसुली गावांतलं एकच गाव नगरपंचायतीत गेलं, तर उरलेल्या दोन गावांसाठी नवी ग्रामपंचायत किंवा शेजारच्या ग्रामपंचायतीत समावेश, याचा प्रस्ताव त्याच वेळी जायला हवा. त्याबरोबर मालमत्तेची वाटणीही. सामाईक पाणीयोजनेची विहीर एका गावात आणि टाकी दुसऱ्या गावात असेल, तर ती कोणाकडे राहणार आणि दुसऱ्याला पाणी कोणत्या दराने मिळणार, हे लेखी ठरवा. तोंडी समजुती पहिल्या उन्हाळ्यापर्यंतच टिकतात.

नावाचंही तसंच. बाजारपेठेचं नाव एक आणि महसुली गावाचं दुसरं, असं कोकणात फार. म्हणून कागदावर 'वाभवे-वैभववाडी' आणि 'कसई-दोडामार्ग' अशी जोडनावं आली. अधिसूचनेत जे नाव छापलं तेच पॅन, टॅन, बँक खातं, जीएसटी नोंदणी आणि शिक्क्यावर अक्षरशः तसंच हवं. जोडरेघेच्या फरकानेही देयकं अडकतात.

तीस दिवसांच्या हरकती

उद्घोषणेनंतर किमान 30 दिवस जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी, कारणांसह हरकती घेता येतात. विरोध करणारे एकाच छापील नमुन्यावर पाचशे सह्या गोळा करतात, "कर वाढेल म्हणून नको." मोजताना ती एकच हरकत धरली जाते. "गट क्रमांक अमुक ते तमुक ही पूर्ण बागायत शेती आहे, तिथे वस्ती नाही, ती हद्दीतून वगळावी," अशी दहा ओळींची आणि सातबारा जोडलेली हरकत मात्र अहवालात उतरते.

समर्थकांची चूक उलटी. उद्घोषणा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली की झालं असं त्यांना वाटतं. चावडी, शाळा, प्रत्येक वाडीतलं ठळक ठिकाण, सगळीकडे लावून पंचनामा करा आणि फोटो ठेवा. उद्या कोणी न्यायालयात गेलं तर पहिला प्रश्न प्रसिद्धीचाच असतो.

पदभाराचा दिवस

इथे सर्वांत जास्त बिघडतं, म्हणून इथे थोडं थांबू.

'ग्रामपंचायतीचं दप्तर मिळालं' असा एका ओळीचा पदभार घेऊ नका. यादी नमुन्यानुसार, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ठरलेल्या क्रमांकांच्या नोंदवह्यांप्रमाणे हवी. रोकड वही नमुना 5 त्या दिवशी बंद करून शिलकेखाली पदभार देणारा आणि घेणारा, दोघांच्या सह्या. कर आकारणीचा नमुना 8 आणि मागणीचा नमुना 9, दोन्हींच्या पानांची संख्या लिहून. पावती पुस्तकं नमुना 7 आणि नमुना 10: वापरलेली, अर्धवट आणि कोरी वेगळी करून, पावती क्रमांक कुठून कुठपर्यंत ते नोंदवून, कोरी तिथल्या तिथे रद्द. नाहीतर सहा महिन्यांनी एखादा गाळेधारक जुनी पावती घेऊन येतो, पैसे भरल्याचं सांगतो, आणि खात्यात ते पैसे नसतात. इमारतींचा नमुना 22, रस्त्यांचा 23 आणि जमिनींचा 24 या तीन नोंदवह्या घेऊन प्रत्यक्ष फिरा. नमुना 24 मधल्या खुल्या जागेवर दोन टपऱ्या आणि एक मंडळाचा ओटा उभा असेल, तर ते पदभाराच्या दिवशीच शेरा म्हणून लिहा. नंतर लिहिलं की ते अतिक्रमण तुमच्या काळातलं ठरतं.

जावक वही विसरू नका. शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ, तारीख, वेळ, सही. ही एक रेघ मागच्या तारखेचे ना-हरकत दाखले रोखते. जुना गोल शिक्का त्याच दिवशी पंचनाम्याने ताब्यात घ्यायचा.

बँक खाती वाटतात त्याहून जास्त असतात: ग्रामनिधी, पाणीपुरवठा, वित्त आयोग, एखादी बंद पडलेली योजना. प्रत्येक खात्याचा ताळमेळ करून शिल्लक आणि न वटलेले धनादेश यादीत घ्या. महावितरणच्या पथदिवे आणि पंपांच्या प्रत्येक मीटरचा ग्राहक क्रमांक आणि थकबाकीही. थकबाकी ही नव्या संस्थेला मिळणारी पहिली भेट असते, ती किती आहे हे पहिल्या महिन्यातच कळलेलं बरं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा निबंधक बदलतो, त्यासाठी नवा आदेश आणि नवं लॉगिन लागतं. नोंदणीची नियमित मुदत 21 दिवसांची आहे. लॉगिन यायला महिना लागला तर त्या महिन्यातली बाळं विनाकारण उशिराच्या नोंदीत जातात. अर्ज अधिसूचनेच्या आठवड्यातच करा, आणि तोवर आलेली माहिती तारीखवार आवक करून ठेवा.

कर्मचारी: घाईचा ठराव अंगाशी येतो

प्रारूप निघाल्यावर काही ग्रामपंचायती शेवटच्या सभेत पाच-पंधरा जणांना 'कायम' करून टाकतात. समावेशनाच्या वेळी, म्हणजे कर्मचारी नगरपंचायतीच्या सेवेत घेताना, हे ठराव टिकत नाहीत. शिवाय त्यांच्यामुळे वीस वर्षं झाडू मारणाऱ्या खऱ्या कर्मचाऱ्याची फाइलही संशयात सापडते. समावेशन होतं ते मंजूर आकृतिबंधातल्या (पदांच्या ठरलेल्या यादीतल्या) पदांवर, शैक्षणिक अर्हता पाहून. म्हणून प्रत्येकाची नेमणुकीचा ठराव, हजेरीपट, पगार दिल्याचा पुरावा, जन्मतारीख आणि शिक्षणाचे कागद अशी स्वतंत्र फाइल आधीच करून ठेवा. हजेरीपट नसेल आणि पगार रोखीने दिला असेल, तर त्या माणसाची सेवा कागदावर शून्य असते. ही चूक त्याची नसते, पण भोगतो तोच.

कर

नवी आकारणी अंतिम होईपर्यंत जुनी मागणी चालू ठेवायची. "आता नगरपंचायत झाली, नवीन बिल येईल" म्हणून वसुली थांबवली की पहिल्याच वर्षी पगाराला पैसे नसतात. दुसरी चूक पाच-सात वर्षं नमुना 8 च रेटत राहण्याची. मग एकदम फेरआकारणी होते आणि मोर्चा निघतो. घरोघरी मोजमाप, बांधकामाचा प्रकार, वापर (राहतं, दुकान, भाड्याने), मग आकारणी यादीची प्रसिद्धी, 30 दिवसांच्या हरकती, सुनावणी आणि प्रमाणित यादी, हा क्रम मोडू नका. सुनावणीआधी बिलं वाटली की ती बिलं अपिलात पडतात. अधिनियमात यादी चार वर्षांनी नव्याने करायची तरतूद आहे, कार्यालयात तिला 'चतुर्थ वार्षिक' म्हणतात.

सतरा प्रभाग

नगरपंचायतीत 17 नगरसेवक निवडून येतात, एका प्रभागातून एक. वरच्या उदाहरणात 14,280 भागिले 17, म्हणजे सरासरी 840. दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणून प्रभाग 756 ते 924 लोकसंख्येत बसायला हवा. जनगणनेचे प्रगणक गट (एका प्रगणकाने मोजलेली घरं) शक्यतो फोडायचे नाहीत, आणि क्रमांक उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेत संपतात. प्रभागाविषयी हरकत घेताना "आमची गल्ली तोडली" एवढं लिहून भागत नाही. कोणता प्रगणक गट कुठे हलवला आणि त्यानंतर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या किती झाली, हे लिहा. नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांतून, हा नियम 2016, 2020 आणि 2022 मध्ये बदलला आहे. पॅनेल बांधण्याआधी चालू नियम पाहून घ्या.

बांधकाम आणि आराखडा

अधिसूचनेनंतर बांधकाम परवानगी मुख्याधिकाऱ्यांकडे जाते आणि राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू होते. सरपंचांच्या ना-हरकतीवर पाया खोदलेल्यांनी परवानगी मंजूर झाली आहे असं समजू नये. विकास आराखड्यात लोक जागे होतात ते मंजुरीनंतर, शेतात बागेचं आरक्षण पडल्यावर. हरकत घ्यायची वेळ प्रारूप प्रसिद्ध झाल्यावरच्या 30 दिवसांत असते. त्याही आधी, विद्यमान जमीन वापर नकाशावर आपलं घर 'मोकळी जागा' म्हणून तर दाखवलेलं नाही ना, ते पाहा. आरक्षणं बहुधा तिथेच टाकली जातात.

अर्धवट योजना

ग्रामीण योजना गावाबरोबर शहरी होत नाहीत. ग्रामीण घरकुलाची यादी थांबते, रोजगार हमीची केंद्राची कामं बंद होतात. शहरी योजनांत नाव यायला नवा सर्वेक्षण अहवाल लागतो. मंजूर घरकुलांचे हप्ते आणि कामांची मोजमापं पदभाराआधी पुरी करून घ्या.

पाण्याचं गणित तर नव्यानेच मांडावं लागतं. ग्रामीण योजना माणशी रोज 55 लिटरवर बेतलेली असते, तिला 14,280 लोकांसाठी 7.85 लाख लिटर पुरतात. शहरी मापाने भुयारी गटार नसेल तर 70 लिटर, म्हणजे सुमारे 10 लाख. गटार योजना आणली की 135 लिटर, म्हणजे 19.28 लाख. म्हणून निधी मिळतोय म्हणून आधी गटार मागू नका. उद्भवात, म्हणजे योजनेच्या विहिरीत किंवा तलावात, तेवढं पाणी नसेल तर नळ्या कोरड्या राहतात आणि तुंबतात. कचऱ्याचंही असंच आधी मोजा: माणशी रोज 300 ग्रॅम धरले तरी दिवसाला सव्वाचार टन होतात, आणि खेपेला 600 किलो नेणाऱ्या घंटागाडीच्या सात-आठ खेपा. गाड्या महिन्याभरात येतात, जागा येत नाही. जागेची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिल्याच महिन्यात गट क्रमांकासह गेली पाहिजे, आणि ती जागा विहिरीच्या वरच्या अंगाला नसावी.