खुडूक कोंबडीखाली अंडी बसवताना

कोंबडी दिवसभर घरट्यातून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून कुरकुरते, म्हणजे ती खुडूक झाली, अंडी उबवायला तयार. तरी लगेच चांगली अंडी देऊ नका. दोन दिवस एखाद्या खराब अंड्यावर बसू द्या. टिकली तरच पुढचं.

अंडी आठवड्याच्या आतली हवीत, फ्रिजमधली नकोत. दुकानातली पांढरी अंडी बिनकोंबड्याची असतात, त्यातून पिल्लू निघणार नाही. मळकं अंडं धुऊ नका, त्याचं संरक्षक आवरण जातं. गावठी कोंबडीच्या पंखाखाली दहा-बारा अंडी मावतात. हावरटपणाने वीस ठेवली तर कडेची गार पडतात आणि आलटूनपालटून सगळीच बिघडतात.

टोपलीत भाताचा पेंढा, तळाशी थोडी चुलीची राख. उवांचा त्रास कमी होतो. अंडी रात्री, सगळी एकदम ठेवा आणि पेन्सिलीने खूण करा. दुसरी कोंबडी तिथेच घालून गेली तर ओळखता येतं. दाणापाणी टोपलीपासून थोडं लांब ठेवा. रोज पंधरा-वीस मिनिटं ती उठते, ते चालतं.

सातव्या रात्री अंडं टॉर्चवर धरून बघा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठीक. स्वच्छ उजेड आरपार आला तर ते काढा.

एकविसाव्या दिवशी मात्र टवका पडलेलं कवच सोलायला जाऊ नका. पिल्लाला बाहेर यायला अख्खा दिवसही लागतो. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस निभावतं. मग तांदळाची बारीक कणी आणि उथळ ताटलीत पाणी.