टॉमकॅट अडकला? थ्रेड डंप ब्राउझरमध्येच पाहा

टॉमकॅट (जावा वेब ॲप चालवणारा सर्व्हर) चालू दिसतो, पण पान नुसतं फिरत राहतं. कुठे अडकलंय ते थ्रेड डंपमध्ये दिसतं, म्हणजे प्रत्येक थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) त्या क्षणी काय करतोय त्याची यादी. ती काढायला प्रोसेस नंबर शोधत बसायची गरज नाही. टॉमकॅटसोबत येणारं मॅनेजर ॲप हेच काम करतं, फक्त त्याची परवानगी आधी देऊन ठेवावी लागते.

१. कॉन्फ फोल्डरमधल्या टॉमकॅट-युजर्स फाइलमध्ये एक नवा युजर लिहा आणि त्याला मॅनेजर-स्क्रिप्ट हा रोल (परवानगीचा प्रकार) द्या (फाइलमध्ये सगळं रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत).

२. सर्व्हर रीस्टार्ट करा. हे आजच उरकून घ्या. अडकलेला सर्व्हर रीस्टार्ट केलात तर पाहायचं तेच पुसलं जाईल.

३. गरज पडली की टॉमकॅट चालतो त्याच मशीनवरून मॅनेजर, टेक्स्ट, थ्रेडडंप असा पत्ता उघडा, मध्ये तिरप्या रेघा. मूळ सेटिंगमध्ये बाहेरच्या मशीनवरून मॅनेजर उघडत नाही, आणि ते तसंच राहू द्या.

४. दहा सेकंदांनी पान पुन्हा उघडा. दोन्ही डंपमध्ये 'एक्झेक-७'सारखा एखादा थ्रेड त्याच ओळीवर 'ब्लॉक्ड' दिसला, तर तो ज्या लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारा ताबा) थांबलाय तो कोणत्या थ्रेडकडे आहे ते बघा. नुसत्या 'वेटिंग' थ्रेडांकडे सहसा दुर्लक्ष केलं तरी चालतं. बरेचसे कामाची वाट बघत बसलेले असतात.

मॅनेजर-जीयूआय (मॅनेजरचं बटणांचं पान वापरायचा रोल) याच युजरला देऊ नका, त्याने बनावट रिक्वेस्टपासूनचं संरक्षण कमकुवत होतं. मॅनेजरच्या पानावरचं 'फाइंड लीक्स' बटणही चालत्या प्रॉडक्शनवर (खरे वापरकर्ते असलेल्या सर्व्हरवर) दाबू नका. ते पूर्ण गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी साफ करणं) करायला लावतं.