शेजारचा आवाज बेडरूमच्या भिंतीत कसा अडवावा

काळ्या, टोकदार फोमचे चौकोन भिंतीला चिकटवून शेजारचा आवाज थांबत नाही. ऑनलाइन जाहिराती काहीही म्हणोत. तो फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज शोषतो, म्हणून रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्या कामाचा. अंड्यांचे ट्रे, थर्माकोल, वॉलपेपर हेही त्याच माळेचे मणी. पलीकडचा आवाज अडतो तो वजनाने, फटी बुजवल्याने आणि दोन पृष्ठभागांचा एकमेकांशी संबंध तोडल्याने. यातलं एकही होत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.

आधी आवाज कुठून येतो ते शोधा

मुंबईच्या इमारतींत ‘भिंतीतून’ येणारा आवाज पुष्कळदा खिडकीतून येत असतो. तुमची खिडकी आणि शेजाऱ्यांची खिडकी यांत चार-पाच फुटांचं अंतर, दोन्ही ॲल्युमिनियमच्या सरकत्या, आणि त्यांच्या फटींतून बोटभर वारा आत येतो. रात्री पंखा आणि एसी बंद करा. खिडकी घट्ट लावून तिच्यावर जाड गोधडी दाबून धरा. आवाज लक्षणीय कमी झाला तर भिंतीला हात लावू नका. खिडकीचे ब्रश आणि रबर बदला, कामाचा बराचसा भाग तिथेच होईल.

खिडकीने फरक पडला नाही तर भिंतीला कान लावा आणि तळहात टेकवा. शेजारी बोलताना शब्द कळतात, पण हाताला काही जाणवत नाही, तर तो हवेतून येणारा आवाज. तो अडवता येतो. दार आपटणं, खलबत्ता, मिक्सर, भिंतीला ठोकलेला टीव्ही हे आवाज बांधकामातूनच चालत येतात. ते स्लॅब आणि बीममधूनही पोहोचतात, म्हणून त्यांच्यावरचा इलाज मुळाशी, म्हणजे पलीकडच्या घरातच करायचा. मोबाइलमधल्या डेसिबल ॲपचा आकडा खरा मानू नका, पण एकाच फोनवर, एकाच जागी, कामाआधी आणि नंतर घेतलेल्या आकड्यांतला फरक उपयोगी पडतो.

भिंत कशाची आहे?

कोपऱ्यात, वायर नाही अशी खात्री करून, छोटं भोक पाडा आणि भुकटी पाहा. लाल असेल तर वीट. पांढरट, भुसभुशीत आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ठोकळा. करडी आणि ड्रिल किंचाळायला लागलं तर काँक्रीट. नव्या टॉवरांत बरेचदा मायवन पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून केलेल्या भिंती असतात. सिपोरेक्सच्या एका घनमीटरचं वजन साधारण ५५० ते ६५० किलो, काँक्रीटचं २४०० च्या आसपास. तीन-चार इंची सिपोरेक्सच्या पलीकडून फोनवरचं बोलणं ऐकू येतं ते त्यामुळेच. मायवनची भिंत इमारतीचा भार घेते, तिच्यात झिरी किंवा खाच पाडायची नाही.

फटी आणि भोकं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच. दहा बाय नऊ फुटांच्या भिंतीचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम चार इंच बाय सव्वातीन इंच. एवढं एक आरपार भोक असेल तर भिंत कितीही जाड असो, ती ३० डेसिबलच्या फार पुढे जात नाही. प्लास्टर केलेली साडेचार इंची विटेची भिंत एरवी ४० हून जास्त डेसिबल अडवते.

पहिला संशयित स्विचबोर्ड. बिल्डर दोन्ही घरांचे बोर्ड बरेचदा पाठीला पाठ लावून बसवतो. मधे दोन पत्र्याचे डबे आणि थोडी रेती, एवढंच उरतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून, मेन बंद करून, डब्यामागची पोकळी सिमेंट-रेतीने भरून घ्या. एसीच्या पाइपचं भोक, जुन्या केबलचं भोक, स्कर्टिंगमागची फट, सगळं बघा.

आणि फॉल्स सीलिंग असेल तर त्यातला एक दिवा काढून टॉर्च मारा. सीलिंगच्या वरच्या भागाला प्लास्टरच नाही, असं खूप ठिकाणी दिसतं. नंतर कोणाला दिसणार नाही म्हणून गवंडी विटा उघड्या सोडतो, बीमखालच्या शेवटच्या थरात माल भरत नाही, आणि वायरवाल्याने पाडलेलं भोक तसंच राहतं. तिथे माल भरून प्लास्टर करून घ्या. अनेक घरांत इथवर आल्यावर पुढचं काम करावं लागत नाही.

शेजाऱ्यांशी बोला, पण भांडण म्हणून नाही

“काकू, तुमचा टीव्ही आमच्या पलंगाच्या बरोब्बर मागे येतो. त्याच्या स्टँडखाली रबर लावून दिलं तर चालेल का? मी आणून देतो.” असं म्हटलं की बहुतेक वेळा दार उघडतं, उरलेल्यांचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये बघता येतं. मिक्सरखाली आणि वॉशिंग मशीनखाली जाड रबराचे तुकडे, कपाटाच्या दारांना फेल्टच्या टिकल्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला रबराच्या शीट मिळतात. स्वतःचा पलंगही भिंतीपासून तीन-चार इंच सरकवा.

रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत रहिवासी भागासाठी मर्यादा ४५ डेसिबलची आहे, दिवसा ५५. हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. रोजच्या रोज पार्टी चालत असेल तर पोलिसांकडे जाता येतं. काकूंच्या मालिकेसाठी मात्र हे शस्त्र काढू नये.

दुसरी भिंत उभी करणं

हे शेवटचं आणि खर्चिक पाऊल. आधी सोसायटीला लेखी कळवा, कामाच्या वेळा विचारून घ्या. भिंतीला ओल असेल तर काम थांबवा: ओल झाकली की पहिल्याच पावसाळ्यात आत बुरशी धरते. शक्य असेल तर एक पावसाळा भिंत पाहून मगच हात घाला. भिंतीवरचा स्प्लिट एसी आणि टीव्ही काढावा लागेल, स्विचबोर्ड पुढे घ्यावे लागतील. जागा साधारण चार ते साडेचार इंच जाईल. कपाटाचं दार आणि खिडकीची चौकट आड येते का, टेप लावून बघा.

सांगाडा जीआय चॅनलचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचा घ्या, लाकडाचा नको, वाळवीला आमंत्रण कशाला? खालचं आणि वरचं चॅनल मूळ भिंतीपासून पाऊण इंच सोडून लावायचं, आणि त्याच्याखाली रबर किंवा फोमची पट्टी. उभे स्टड, म्हणजे सांगाड्याच्या उभ्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर. हा सांगाडा मूळ भिंतीला कुठेही टेकता कामा नये. कारागीर ‘हलतंय’ म्हणून हमखास मधे एक क्लिप मारून भिंतीला पकडतो, आणि तिथूनच आवाज पुन्हा आत येतो. उंची जास्त असेल तर पन्नासऐवजी सत्तर मिलिमीटरचे स्टड घ्या, पण क्लिप नको. ते काम चालू असताना तिथे उभे राहा.

स्टडच्या मधे रॉकवूल, म्हणजे दगडाच्या धाग्यांची गादी, दाबून न कोंबता बसवा: घनता घनमीटरला ४८ किलो, जाडी ५० मिलिमीटर. हातमोजे आणि मास्क घाला, खाज फार सुटते. त्यावर साडेबारा मिलिमीटर जिप्सम बोर्डाचे दोन थर. पहिल्या थराचे सांधे दुसऱ्याच्या सांध्यांवर येऊ देऊ नका. दहा बाय नऊच्या भिंतीला सहा बाय चारचे आठ बोर्ड लागतात, कापाकापी धरून नऊ सांगा. चारही कडांना बोटाच्या पेराहून कमी फट सोडून ती कायम लवचीक राहणाऱ्या अकूस्टिक सीलंटने भरा; पुट्टी भरली तर वर्षभरात चीर पडते. सगळं मिळून वजन दोनशे किलोच्या आसपास जातं, स्लॅबला ते जड नाही. विटेची दुसरी भिंत चढवायची असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.

बोर्ड थेट भिंतीला गोळे लावून चिकटवण्याचा स्वस्त पर्याय कोणी सुचवला तर नको म्हणा. मागे राहिलेल्या पातळ पोकळीमुळे काही आवाज उलट वाढतात.

काम नीट झालं तर पलीकडचं बोलणं पुटपुटण्यासारखं होईल, शब्द कळणार नाहीत. सबवूफरचा ठोका आणि दाराचा दणका राहील, कारण तो बीमवरून येतो. नव्या भिंतीवर घड्याळ, फोटो लावायचे तर छोटे स्क्रू वापरा. लांब स्क्रू मूळ भिंतीपर्यंत पोहोचला की दोन भिंतींमधला संबंध पुन्हा जुळला.