ऑइल चेंबरचे बोल्ट ज्याच्या त्याच्या जागी
इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारा नवा चेंबर बसवूनही माझ्या गाडीखाली रोज सकाळी रुपयाएवढा तेलाचा डाग पडत असे. चेंबर पुन्हा उतरवल्यावर कारण कळले: एका आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, भोकात लांब बोल्ट गेला होता आणि त्याचे टोक तळाला टेकल्यामुळे, पाना घट्ट लागूनही, डोक्याखाली कागद सरकेल एवढी फट राहिली होती. अशा वेळी जोर लावला तर ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे जातात. माझे वाचले, हे नशीबच. मग पुठ्ठ्यावर चेंबरची आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचला, जुने सीलंट खरवडून नवे लावले, आणि 6 मिमीचे बोल्ट मधून बाहेर, समोरासमोर, दोन फेऱ्यांत पुस्तिकेतल्या 10 न्यूटन-मीटरवर आवळले. तेल दुसऱ्या दिवशी भरले. खाली अंथरलेला पुठ्ठा आठवडाभर कोरडा आहे.